ओढ्यावरच्या सावल्या

विशाखा खरातचं दुकान प्रतिपेठेत बंद पडलं, त्या सकाळी खऱ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

चैत्र लागला होता. कुरणपेठेच्या गच्च्यांवरच्या मिरच्या वाळून कडकडीत झाल्या होत्या आणि ओढ्याकाठच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये डंकाची लोखंडी मुसळं एका तालात खालीवर होत होती. भिंतीला टेकून बायका ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीच्या पायाशी आपापला डबा, नाकावर पदर नाहीतर ओढणी. कांडपाच्या दुकानात बाई आपली मिरची सोडून हलत नाही. दुसरीच्या संकेश्वरीत आपली बेडगी गेली, तर वर्षभराचं कालवण बिघडलं.

विशाखानं चाळणी बाजूला ठेवून फोन पाहिला. निरोप दोन ओळींचा होता. तिचा व्यवसाय प्रतिपेठेत चौथ्या वर्षी बंद झाला होता, त्यामुळे उद्यम-आधार योजनेतून तिला साहाय्य देता येत नव्हतं. खाली एक हसरा चेहरा होता आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या.

"काय झालं गं?" डब्यावर हात ठेवून बसलेल्या एकीनं विचारलं.

"काही नाही. आपलं दुकान बंद पडलं."

"कधी?"

"चौथ्या वर्षी."

बाईनं दुकानाकडं पाहिलं, मग विशाखाकडं. "माझं तेवढं कांडून होईल ना त्याच्या आधी?"

सगळ्या हसल्या. विशाखाही हसली. पण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नव्या नियमानं उघडा डंक चालणार नव्हता. मिरचीची धूळ बाहेर सोडणार नाही असा, काचेच्या पेटीत बसवलेला डंक घ्यायचा, नाहीतर वर्षाअखेरीला परवाना संपला. तसला डंक घेणं आधाराशिवाय तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे दुकानाला चार वर्षंसुद्धा नव्हती. हा शेवटचा चैत्र होता.

प्रतिपेठ म्हणजे गावाच्या बाजारपेठेची संगणकात चालणारी हुबेहूब नक्कल. वीजबिलं, रेशनकार्डं, जनगणना, परवाने, बँकांचे व्यवहार, कुणाचा मोबाइल किती वाजता कुठल्या बाजूला होता याच्या नोंदी, हे सगळं एकत्र मळून सरकारनं प्रत्येक तालुक्याच्या गावाला असं एक जुळं गाव करून दिलं होतं. गावातल्या प्रत्येक माणसाची त्यात एक सावली होती. सावल्या सकाळी उठायच्या, बाजारात जायच्या, घासाघीस करायच्या, रुसून पलीकडच्या दुकानात शिरायच्या. यंत्र आधी मागची तीस वर्षं चालवून बघायचं. ती खऱ्या हिशेबाशी जुळली की पुढची दहा चालवायचं. त्या दहा वर्षांत ज्याचं दुकान टिकेल, त्याला आधार मिळायचा.

कुणाला काही लपवल्यासारखं वाटू नये म्हणून प्रतिपेठ भर चौकात मोठ्या पडद्यावर दिवसभर चालू असायची. लोक चहा पीत बघायचे. कुणाचं दुकान कधी बसणार यावर मिसळीच्या पैजा लागायच्या. पूर्वी मालिका बघायचे तसंच, फक्त यात आपणच असायचो.

त्याच्याही पूर्वी हे काम साहेब करायचे. विशाखाला ते साहेब आठवत होते. आई, म्हणजे हौसाबाई, तिला सोबत घेऊन बँकेत जायची. साहेब आडनाव विचारायचे, मग पत्ता विचारायचे, मग वर पंख्याकडं बघायचे. पंखा जुना होता, पण इतकं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. 'बघू,' म्हणायचे. बाहेर पडलं की आई साहेबांची नक्कल करायची. मान मागं टाकून, डोळे वर करून, 'बघू, बघू' करत ती बसस्टँडपर्यंत चालायची आणि मायलेकी हसून हसून उसाच्या गाड्यावर टेकायच्या. रस अर्धा अर्धा प्यायच्या. नाही म्हणणाऱ्या माणसाला चेहरा होता, ही तेव्हा किती मोठी सोय होती, हे विशाखाला आता कळत होतं. हसऱ्या पिवळ्या गोलाची नक्कल करणार कशी?

दुपारी डंक थांबवून ती दर्शन केंद्रात गेली. ज्यांची दुकानं प्रतिपेठेत बसली त्यांना ती कशी बसली, हे तिथं चष्मा लावून आतून बघता यायचं. केंद्र सांभाळणारे तोडकर भला माणूस. समोरच्याला आधी पाणी द्यायचे.

"ताई, एक सांगतो," ते म्हणाले, "यंत्राला तुमचं नाव ठाऊक नाही. जात, धर्म, आडनाव, सगळे रकाने काढून टाकलेत. त्याच्यासाठी तुम्ही नुसता एक नंबर."

"मग आमच्या मिलिंदनगरातलं एकही दुकान का टिकत नाही? मोमीन गल्लीतला एक माग टिकला नाही. वडारवस्तीतला एक पाट्या-वरवंट्याचा धंदा टिकला नाही. आणि पेठेतला तो डंक, जो दिवसातून तासभर चालतो, त्याला काचेची पेटी मिळाली."

तोडकरांनी पंख्याकडं पाहिलं नाही, एवढं खरं. ते आपल्या हातांकडं बघत राहिले. "तेच मलाही कळत नाही," ते म्हणाले. "वरून विचारलं तर म्हणतात, यंत्र आंधळं आहे, आंधळं भेदभाव करील कसा. तुम्ही आत जाऊन बघा. काही दिसलं तर मलाही सांगा. कुठलं वर्ष लावू?"

पुढची वर्षं बघायला आलेल्या विशाखाच्या तोंडून निघालं, "अगदी जुनं लावा. सुरुवातीचं."

चष्मा डोळ्यांवर बसला आणि ती एसटी स्टँडसमोर उभी होती. ती कॉलेजात होती तेव्हाचं कुरणपेठ. मोबाइलच्या रिचार्जच्या पाट्या, सीडीचं दुकान, बंद पडत आलेला पिवळा टेलिफोन बूथ, वडाप जीपच्या टपावर बांधलेल्या कोंबड्यांच्या पाट्या. सायकल दुकानदार बापू, जाऊन कितीतरी वर्षं झाली त्यांना, पंक्चर काढत होते. बर्फाच्या गोळ्याची गाडी तशीच तिरकी उभी. विशाखा हात लावायला गेली तर बोटं गाडीतून आरपार गेली. वासही नव्हता कशाला. पण उन्हाचा रंग नेमका होता, दुपारचा, थोडा धुळकट.

ती पेठ उतरून ओढ्याकडं निघाली. आणि तिथं तिनं जे पाहिलं, ते कळायला तिला जरा वेळ लागला.

ओढा कोरडा होता. कोरड्या ओढ्याच्या काठावर पेठेतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. जोशांच्या वहिनी, तेल्यांची सून, शिंगटेकाकी. प्रत्येकीच्या शेजारी गोधड्यांनी भरलेलं घमेलं. त्या गोधड्या धूत नव्हत्या. बोलत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, पाण्याची वाट बघत असल्यासारख्या. चार पावलांवर विशाखाच्या आईची शेड होती. दाराला कुलूप. बऱ्याच वेळानं एकेक बाई उठली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि आली तशी पेठेत परत गेली.

विशाखाला आधी हसू आलं. मग ती खाली बसली.

कारण त्या गोधड्यांच्या खाली काय असायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोललेलं नव्हतं. पेठेत मसाला नेहमी घरचा असायचा. आमच्या सासूबाईंच्या हातचा, आमच्या माहेरच्या पद्धतीचा. लग्नाच्या पंगतीत नाव निघायचं ते घराण्याच्या मसाल्याचं. आणि चैत्र लागला की पेठेतल्या बायकांना अचानक गोधड्या धुवायची आठवण यायची. घमेल्यात खाली मिरची, भाजलेले धणे, खोबरं, वर गोधडी. दुपारी, पुरुषमाणसं जेवून आडवी झाली की ओढ्याच्या वाटेनं हौसाबाईच्या डंकावर. नळ आले, धुण्याची यंत्रं आली, ओढा आटला, तरी गोधड्यांचं धुणं काही थांबलं नाही. हौसाबाई नुसतं कांडायची नाही. चिमूटभर जिभेवर ठेवायची, म्हणायची, "दगडफूल करपवलंस बाई," आणि आपल्या डब्यातलं काय काय घालून चव जुळवून द्यायची. पेठेतल्या सगळ्या सासूबाईंचा हात म्हणजे शेवटी तो एकच हात होता.

फोनवरून पैसे द्यायचे दिवस आले तेव्हाही इथं कुणी फोन काढला नाही. फोननं पैसे दिले की निरोप नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर जाणार, वर खरात मसाला कांडप असं नाव येणार. त्यापेक्षा ज्वारी बरी, पदराच्या गाठीतली नोट बरी. गावात कागदी नोट हल्ली कुठं दिसली, तर ती विशाखाच्याच गल्ल्यात दिसायची.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. बायकांचे मोबाइल ओढ्यापाशी होते, म्हणून त्यानं सावल्या ओढ्यापाशी नेऊन बसवल्या. दुकानात पैसे पोचल्याची नोंद कुठं नव्हती, म्हणून दुकानाला कुलूप लावलं. साऱ्या गावानं मिळून इतकी वर्षं जे जपून लपवलं होतं, ते त्यानं गावाइतक्याच इमानानं लपवलं होतं.

निघता निघता तिनं शेडमागच्या घराकडं पाहिलं. उंबऱ्यावर आई बसली होती. रेशनकार्डावरच्या फोटोतला चेहरा, चपटा, जरा दचकलेला. जनगणनेत तिच्या नावापुढं 'घरकाम, उत्पन्न नाही' असं लिहिलेलं असणार. त्यामुळे सावलीला काम नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत होती. संध्याकाळ झाली तरी तशीच बसून होती. आपल्या आईला रिकामं बसलेलं विशाखानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"रकाने काढलेत खरे," चष्मा उतरवून ती तोडकरांना म्हणाली, "ओढा तेवढा राहिला."

तिनं सगळं सांगितल्यावर तोडकरांनी या वेळी स्वतःसाठी पाणी ओतलं. त्यांच्या आईचा मसालाही गावात नावाजलेला होता, हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

"मी लिहून देते ना, ही माझी गिऱ्हाइकं आहेत म्हणून," विशाखा म्हणाली.

"दुसऱ्याच्या सावलीला हात लावता येत नाही, ताई. कायदा आहे, आणि चांगला कायदा आहे. ज्याची सावली त्यानंच इथं यायचं, आपल्या आवाजात सांगायचं, माझी सावली चुकते आहे. मग यंत्र तेवढी वाट बदलतं आणि जुन्या हिशेबाशी ताळा न घेता सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवून बघतं."

"एकीनं सांगून भागेल?"

"ती कोण आहे त्यावर. सावल्या एकमेकींचं बघून चालतात. काही बायका अशा असतात, त्या ज्या दुकानात शिरल्या तिथं बाकीच्या जातात." ते थांबले. "पण दुरुस्ती चौकातल्या पडद्यावर दिसते. नावासकट."

दुसऱ्या दिवशी विशाखानं डंक बंद करून बायकांना विचारलं. डंक बंद झाला की त्या शेडमध्ये ऐकू येईल अशी शांतता व्हायची.

"आमचे हे दिवसभर चौकातच बसलेले असतात," एक म्हणाली.

"माझ्या सासूनं जाताना मला दोनच गोष्टी सांगितल्या," दुसरी म्हणाली. "पाटल्या कुठं आहेत ते, आणि मसाला घरचाच म्हणायचं ते."

"तुझं काम चोखच आहे गं विशाखा, त्याबद्दल कोण काय म्हणतंय?"

कुणी काही म्हणत नव्हतं, तीच तर अडचण होती. तिनं डंक चालू केला.

मग ती शिंगटेकाकींकडं गेली. काकी आता ऐंशीच्या पुढं, काठी घेऊन चालायच्या, पण पेठेत अजून साडी कुठली घ्यायची ते लग्न कधी काढायचं, इथपर्यंत बायका त्यांना विचारायच्या. त्यांचा मुलगा संग्राम 'शिंगटेकाकी घरगुती मसाले' विकायचा. पुड्यावर काकींचा फोटो. पहिल्याच फेरीत त्याला आधार मिळाला होता.

"ये गं," काकी म्हणाल्या. "फोटो बघितलास का माझा? डोक्यावर केवढा पदर दिलाय बघ. जन्मात मी एवढा पदर घेतला न्हाई. उन्हातसुदिक न्हाई."

विशाखानं आडपडदा न ठेवता सांगितलं. डंकाचं, काचेच्या पेटीचं, ओढ्यावर बसलेल्या बायकांचं. काकी ऐकत होत्या. काठीच्या मुठीवर त्यांचा अंगठा फिरत होता.

"संग्रामच्या पुड्यावर काय लिहिलंय ठाऊक हाय का तुला?" शेवटी त्या म्हणाल्या. "शिंगटे घराण्याची पिढ्यांपिढ्यांची चव. आता मी चौकात उभी राहून सांगू, की ती हौसाची चव हाय? पोराच्या पोटावर पाय देऊ?"

"माझ्या पोटाचं काय, काकी?"

विशाखाला राग यायला हवा होता, पण समोरची म्हातारी तिच्या आईची मैत्रीण होती, निदान आईनं तसं मानलं होतं. दर चैत्रात या दोघी डंकाच्या आवाजावर आवाज चढवून तासन्‌तास बोलायच्या. सासवांबद्दल, नवऱ्यांबद्दल, भाजीवाल्यांबद्दल. आई गेली तेव्हा काकी ओढ्यापलीकडं उभ्या राहून रडल्या होत्या. पलीकडंच.

विशाखा उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून काकींनी विचारलं, "हौसा दिसती का गं त्यात?"

"दिसते."

"मला दाखवशील? नुसती बघीन. बाकी काही बोलणार न्हाई हां मी, आधीच सांगती."

तोडकरांनी काकींना पाणी दिलं, खुर्ची दिली, चष्मा लावून दिला. विशाखानंही दुसरा चष्मा लावला. दोघी स्टँडसमोर उतरल्या. काकींना सगळं एकदम दिसलं असावं. "आगं, हे बघ हे," त्या म्हणत होत्या. "ह्यांची सायकल. आणि हे बी हायेत की. किती काळे केस हुते ह्यांचे." नवऱ्याच्या सावलीमागं त्या थोडं चालायलासुद्धा लागल्या. मग थांबल्या. "न्हाई. ह्यांना काय बघायचंय. आपण हौसाकडं जाऊ."

ओढ्यावर आल्यावर त्यांना स्वतःची सावली दिसली. गोधड्यांचं घमेलं शेजारी घेऊन बसलेली, गप्प.

"ही अशी काय बसलीय येड्यावानी?"

"गोधड्या धुवायला आलीय, काकी."

काकी हसल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही. मग त्यांचं लक्ष उंबऱ्याकडं गेलं. त्या जवळ गेल्या, वाकल्या. हौसाबाई समोर बघत होती, हात मांडीवर.

"ही हौसा न्हाई," काकी म्हणाल्या.

"तिचाच चेहरा आहे."

"चेहरा ऱ्हाऊ दे. हात बघ की हिचे. हौसाचे हात कधी असे पडून असायचे का? बोलताना सुदिक काहीतरी निवडत असायची ती. लसूण निवडायची, न्हाईतर माझ्याच डब्यातला कचरा काढायची." त्यांचा आवाज चिरकला. "कुणी बसवली हिला अशी?"

विशाखा त्यांच्या शेजारी येऊन वाकली.

काकींनी चष्म्यावर हात ठेवला, जणू तो उतरवणार होत्या, पण उतरवला नाही. "अहो साहेब," त्या बाहेरच्या दिशेनं म्हणाल्या, "त्या तुमच्या यंत्राला काय सांगायचं असतं?"

"आज्जी, तुमच्या मुलाच्या धंद्यावर परिणाम होईल. नाव चौकात दिसेल. आधी विचार..."

"विचार करायला वय लागतं. माझं संपत आलंय. सांगा काय म्हणायचं."

तोडकरांनी सांगितलं. काकींनी घसा साफ केला, लग्नात नाव घ्यायला उभं राहावं तशा ताठ झाल्या.

"माझी सावली चुकती आहे. मी मालती शिंगटे. मी ओढ्यावर गोधड्या धुवायला गेले न्हाई. मी हौसाबाई खरातच्या डंकावर मसाला कांडायला गेले. दरसाल."

यंत्राचा आवाज सौम्य होता, बायकी. "कधीपासून?"

"लगीन होऊन आले तेव्हापासून."

आवाज म्हणाला, जरा वेळ लागेल.

दोघींनी चष्मे उतरवले आणि खाली चौकात आल्या. पडद्यावर प्रतिपेठ थांबली होती. खाली ओळ आली होती, काकींच्या पूर्ण नावासकट. चहाच्या गाड्यावरचा आवाज विझत गेला. संग्राम दुकानातून धावत आला आणि आईसमोर येऊन नुसता उभा राहिला. काकी त्याला म्हणाल्या, "थांब. मला बघू दे."

पडदा हलला. वर्षं परत मागं जाऊन पहिल्यापासून चालू लागली. भर दुपारी शिंगटेकाकींची सावली पेठ उतरली, डोक्यावर मिरच्यांचा डबा, वर गोधडी नाही. ती ओढ्यावर थांबली नाही. शेडचं कुलूप गळून पडलं. दुसऱ्या दिवशी तिच्यामागं जोशांच्या वहिनी होत्या. पुढच्या चैत्रात ओढ्याच्या काठावर कुणीच बसलं नव्हतं. हौसाबाईचे हात हलू लागले. शेडवर पाटी लागली, धंद्याचं वेगळं वीजमीटर आलं. पंख्याकडं बघणाऱ्या साहेबांच्या सावलीनं खाली बघून सही केली. दुसरा डंक आला. शेजारी मोमीनांच्या सुनेनं पिशव्या शिवायचं यंत्र टाकलं, वडारवस्तीतला पाटे घडवणारा ओढ्याकाठी दुकान मांडून बसला, कारण आता तिकडून माणसांची ये-जा होती. पत्रा जाऊन स्लॅब पडला. खुद्द विशाखाची सावली, विशीतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसली. खऱ्या विशाखानं ते वर्ष डंकासाठी सोडलं होतं.

ती तोंडावर हात धरून बघत होती. सगळं ओळखीचं होतं आणि त्यातलं काहीच झालेलं नव्हतं.

"तुमचं दुकान टिकतंय, ताई," शेजारी येऊन उभे राहिलेले तोडकर हळूच म्हणाले. "दहाही वर्षं. पेटी मिळेल तुम्हाला."

"आणि ही मधली?" तिनं पडद्याकडं बोट केलं. "ही गेलेली वर्षं कुठं मागायची?"

"त्याला यंत्रात जागा नाही," तोडकर म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना.

काकींचं या कशाकडं लक्ष नव्हतं. त्या पडद्याच्या एका कोपऱ्याकडं बघत होत्या. तिथं, त्या न घडलेल्या एका दुपारी, त्यांची सावली हौसाबाईच्या उंबऱ्यावर बसली होती. दोघींच्या मधे दोन कप होते. हौसाबाई काहीतरी सांगत होती, आणि काकींच्या सावलीनं कप उचलून तोंडाला लावला.

"ती दरवेळी विचारायची," काकी म्हणाल्या, विशाखाला की स्वतःला ते कळलं नाही. "काकी, घोटभर चहा टाकू? आणि मी म्हणायचे, आज उपास हाय. दरवेळी. सात वारांपैकी साती वार मला उपास. तुझी आई एकदा हसून म्हणाली, काकी, तुमचे देव लई कडक दिसतात. मग पुन्हा विचारलं तिनं. विचारायचं सोडलं न्हाई कधी."

पडद्यावरच्या काकींनी कप खाली ठेवला आणि पदरानं ओठ पुसले.

खऱ्या काकींनी विशाखाचा हात धरला.

"मी तर यंत्राला नुसतं मसाल्याचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग हे त्याला कुणी सांगितलं गं, की मी तो चहा घेतला असता?"